आप्पांचा ८६ सालचा कलर टीव्ही माळ्यावरनं खाली काढलाय, आता पुढं काय?

निपाणीची_वखार

नमस्कार मंडळी. घराला रंग काढलाय म्हणून माळा रिकामा केला, तर गोणपाटाखाली आमचा जुना कलर टीव्ही. २० इंची, आठ बटणांचा. बटणांशेजारी एक झाकण, ते उघडलं की आत स्टेशन लावायच्या बारीक चकत्या. रिमोट वगैरे प्रकार नाही. कंपनी कधीच बंद पडली, नाव सांगून उपयोग नाही.

१९८६ च्या दिवाळीत आप्पांनी तो कोल्हापुरातनं आणला. टेम्पोच्या हौद्यात मी आणि थोरला भाऊ, दोघांनी खोक्याला मिठी मारलेली. पुढच्याच जानेवारीत रामायण सुरू झालं. रविवारी साडेनवाला वखारीत तंबाखू निवडणाऱ्या बायका डोक्यावरचा टॉवेल सोडून आमच्या सोप्यात येऊन बसायच्या. करंट गेला की सगळ्या मिळून आप्पांकडं बघायच्या, जसं काय त्यांनीच घालवलाय.

आप्पांचा एक नियम होता. कलरचं बटण फुल्ल. "रंगाचे पैसे मोजलेत, अर्धाच रंग कशाला बघायचा?" त्यामुळं राम, रावण, बातम्या देणारी बाई, सगळे शेंदूर फासल्यागत दिसायचे. दिल्लीची माणसं अशीच असतात असं मला सातवीपर्यंत वाटायचं.

तर आता चूक सांगतो. खाली काढला, धूळ पुसली आणि सरळ पिन घातली. 'टक्' झालं आणि फ्यूज गेला. दुसरा घातला, तोही गेला. चौकातला दुकानदार पोरगा म्हणतो, "आतलं सगळं काढतो, एलईडी पॅनेल बसवतो, बाहेरनं जुनाच दिसंल." मला ते पटंना. आईचं वय ८१, तिला तोच टीव्ही परत लागलेला दाखवायचाय. होईल का काही? आणि झालाच, तर त्यावर बघायचं काय? आता अँटेनावर मुंग्याच येणार ना?

रेल्वे_गेट_बंद

पोरगा बरोबर सांगतोय बघ. पॅनेल बसव, मोकळा हो. चाळीस वर्षांचं पार्ट शोधत कुठं फिरणार? माझ्या मेव्हण्यानं जुना रेडिओ दुरुस्त करायला घेतला, तीन वर्षं झाली, अजून डायनिंग टेबलवर उघडाच आहे. आम्ही जमिनीवर जेवतो.

सिरीजचा_बल्ब (बेळगाव)

आधी हात काढ त्यातनं. तिसरा फ्यूज घालू नकोस, आणि कुणाचं ऐकून फ्यूजच्या जागी तार तर मुळीच लावू नकोस.

माझं टिळकवाडीत पंचवीस वर्षं दुरुस्तीचं दुकान होतं. आता गुडघ्यांनी रिटायर केलंय. एलईडीवाल्याला नको म्हण. पिक्चर ट्यूब जिवंत असेल तर बाकी सगळं मिळतं. ट्यूब बघायची अशी: मागचं झाकण काढ (पिन काढून दोन दिवस झाल्यावर), ट्यूबच्या मानेजवळ काचेच्या आतनं चंदेरी डाग दिसतो का बघ. चंदेरी असेल तर आत निर्वात शाबूत. पांढरट, दुधासारखा झाला असेल तर हवा शिरली, मग खुशाल पॅनेल बसव, मी काही बोलणार नाही.

आत हात घालण्याआधी एक. ट्यूबच्या वरच्या अंगाला रबरी टोपी दिसेल, तिच्याखाली चालू असताना वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात, आणि ट्यूब ते धरून ठेवते. लांब स्क्रू-ड्रायव्हरला तार बांध, तारेचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरच्या उघड्या वेणीच्या तारेला, मग टोपीखाली पातं सरकव. एक हात खिशात. ट्यूब मानेला धरून उचलायची नाही. आणि या जातीच्या बऱ्याच सेटांची चासी सरळ मेनलाइनवरच असते, म्हणून चालू करून तपासताना मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सेटला मेनलाइनपासून तोडून वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, पाहिजेच.

फ्यूज लगेच जातोय म्हणजे तीन गिऱ्हाईकं: ब्रिजचे चार डायोड, पॉवरचा ट्रान्झिस्टर, नाहीतर पॉझिस्टर. माझा संशय पॉझिस्टरवर, म्हणजे तापला की करंट कमी करणाऱ्या पार्टवर. चौकोनी काळी डबी असते, हलवली की आत खुळखुळली तर तीच. काढून ठेव आणि सेटच्या सिरीजमध्ये १०० वॅटचा साधा बल्ब लावून करंट दे. बल्ब भक्कन पेटून मंद झाला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर अजून शॉर्ट आहे, बंद कर. वीस वर्षं पडून असलेले मोठे फिल्टर कॅपॅसिटर मात्र आधीच बदल, ते फुटले तर घर नव्यानं रंगवावं लागेल.

बरं वाटलं लिहून. कलर मी पहिल्यांदा बघितला तो मुंबईत, १५ ऑगस्ट १९८२. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात उमेदवारी करत होतो. दूरदर्शननं लाल किल्ल्यावरचा कार्यक्रम देशभर रंगीत सोडला तो दिवस. मालक खुर्ची टाकून पुढं, आम्ही पोरं मागं स्टुलावर. भाषण कुणीच ऐकलं नाही, सगळे हिरवळ बघत होते. नोव्हेंबरात एशियाड आलं आणि दुकानात परदेशी सेटांची रांग लागली. कुवेत-दुबईवाल्यांचे सेट आपल्याच पद्धतीचे, पाल-बी, लावले की चालू. अमेरिकेहून आणलेल्यांची मात्र पंचाईत. सेट ११० व्होल्टचा, रंग नाही, चित्र वरनं खाली पळतंय, आणि आवाज? त्यांचा ४.५ मेगाहर्ट्झवर, आपला ५.५ वर. नुसती खरखर. हजारो रुपये मोजून आणलेला मुका सेट! गिऱ्हाइकाचं तोंड बघवायचं नाही.

खानापूरची_सून

माझं सासर खानापूर, माहेर बेळगावात शहापूर. आमच्याकडं कलर यायच्या आधी 'कलर' आला होता, तो प्लास्टिकचा. ब्लॅक-अँड-व्हाइट टीव्हीच्या काचेवर लावायचा पातळ पत्रा, वर निळा, मध्ये पिवळसर, खाली हिरवा. समुद्रकिनारा असला की झकास. पण बातम्यांत माणसाचं कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी. आज्जी म्हणायची, याला कावीळ झालीय, डॉक्टरला दाखवा.

दुसरं एक दुःख सांगते, विषय सोडून. इन्सॅट-१बी १९८३ मध्ये वर गेला आणि ८४ पासून गावोगाव छोटी केंद्रं धडाधड उभी राहिली. ती उपग्रहावरनं दिल्लीचंच घ्यायची. आमच्या वाट्याला हिंदी, पुढं संध्याकाळी बेंगळुरूचं कन्नड. मराठी घरात बोलायचं, टीव्हीवर नाही. मुंबईची मराठी नाटकं आत्याकडं पुण्याला सुट्टीत गेल्यावरच. मे महिन्यात हवा पडली की लांबचं कुठलंतरी केंद्र मध्येच यायचं, मग दादा कौलांवर चढून अँटेना उत्तरेला फिरवायचा आणि आम्ही खालनं ओरडायचो, "आलं, आलं, गेलं!" एकदा दहा मिनिटं शेतीवरचा मराठी कार्यक्रम आला. भुईमुगावरच्या टिक्का रोगाची माहिती. घरात कुणाचं शेत नाही, पण आई पदर सावरून बसून ऐकत होती.

निपाणीची_वखार

सिरीजचा_बल्ब अण्णा, साष्टांग! चंदेरी आहे. आणि काळी डबी खुळखुळली.

पॉझिस्टर काढला, कॅपॅसिटर बदलले, सिरीजमध्ये बल्ब लावला. भक्क, मग मंद. अर्ध्या मिनिटानं पडद्यावर मुंग्या! आणि सेट तापला तसा मागच्या जाळीतनं तंबाखूचा वास आला. चौदा-पंधरा वर्षं वखारीची धूळ खाल्लीय त्यानं. आई आतनं म्हणाली, "गोणी कुणी उघडली रं?"

आता दोन तक्रारी. भावाच्या १९९१ च्या लग्नाची कॅसेट डीव्हीडीवर करून घेतलेली आहे. टीव्हीला नुसतं अँटेनाचं भोक, म्हणून बेंगळुरूच्या एसपी रोडवरनं आरएफ मॉड्युलेटर (प्लेअरचं चित्र अँटेनाच्या भोकातनं आत सोडणारी डबी) मागवला, चौथ्या चॅनेलवर लावला. चित्र आलं, पण ब्लॅक-अँड-व्हाइट, आणि वरनं खाली पळत होतं. मागची होल्डची चकती फिरवून थांबवलं. रंग काही येत नाही. दुसरं, डाव्या कोपऱ्यात जांभळा डाग आहे. म्हणजे एवढा रंग येतोय!

डागाबद्दल एक कबुली. १९८८ मध्ये फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक मी या काचेवर फिरवलं होतं. रंगांचा भोवरा झाला, लई भारी दिसला, मग तो जाईचना. आप्पांना मी "आपोआप झालं" म्हणून सांगितलं. चिकोडीहून मेकॅनिक आला, वायरचं मोठं कडं काढलं आणि टीव्हीला आरती ओवाळावी तसं गोल गोल फिरवत मागं मागं सरकला. डाग गेला. आप्पांनी त्याला पैसे दिले आणि वर नारळ. तोच डाग परत आलाय का?

फेज_उलटा (पुणे, मूळ गाव कागवाड)

रंगाचं सांगतो, टीव्हीत काही बिघडलेलं नाही. चित्र पळत होतं तिथंच उत्तर आहे. तुमचा डीव्हीडी प्लेअर एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकेच्या पद्धतीवर आहे, सेकंदाला ६० फील्ड (अर्धी-अर्धी चित्रं). तुमचा सेट ५० चा, आपल्याकडच्या पाल पद्धतीचा. अण्णांच्या अमेरिकन टीव्हीचीच गोष्ट, उलट्या बाजूनं. प्लेअरच्या मेनूत जाऊन 'पाल' करा. होल्डची चकतीही परत होती तिथं आणा.

पालमध्ये रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसवलेली असते, आणि दर ओळीआड तिचा एक भाग उलटा करून पाठवतात. वाटेत रंग इकडचा तिकडं सरकला तरी एका ओळीत तो तांबड्याकडं झुकतो, पुढच्या ओळीत हिरव्याकडं. सेटमध्ये काचेची डिले लाइन असते, ती एक ओळ ६४ मायक्रोसेकंद थांबवून दुसरीत मिसळते, आणि चूक चुकीला खाऊन टाकते. ही टेलिफुंकेनच्या वाल्टर ब्रुखची करामत. एनटीएससीत ही सोय नाही, म्हणून इंजिनिअर लोक तिला 'नेव्हर द सेम कलर' म्हणून चिडवायचे. तुमच्या सेटला ओळखीची खूण सापडली नाही की तो रंग सरळ बंदच करतो, चुकीचे रंग दाखवण्यापेक्षा काळं-पांढरं बरं म्हणून.

आणि एक गंमत. पश्चिम जर्मनीत २५ ऑगस्ट १९६७ ला कलर सुरू झाला, बर्लिनच्या प्रदर्शनात विली ब्रांट यांनी लाल बटण दाबून. बटण खोटंच होतं. खरा स्विच टाकणाऱ्या माणसानं जरा घाई केली आणि ब्रांट यांचं बोट टेकायच्या आधीच पडदा रंगीत झाला.

सिरीजचा_बल्ब (बेळगाव)

डागाला तुझं चुंबक जबाबदार नाही रे, ३५ वर्षं झाली. ट्यूबच्या आत पोलादी चाळणी असते, हजारो भोकांची, ती हळूहळू चुंबकी होते. नुसतं पृथ्वीचं चुंबकत्वही पुरतं, माळ्यावर एकाच दिशेला तोंड करून पडला होता ना. म्हणून तर ट्यूबभोवती तारेचं वेटोळं असतं. सेट चालू केला की त्यात करंट जातो आणि पॉझिस्टर तापून तो लगेच कमी कमी करत नेतो. जुन्या कलर टीव्हीचा सुरुवातीचा 'धुम्म' आवाज आठवतो? तोच. तुझा पॉझिस्टर काढलाय म्हणून धुम्म नाही, आणि धुम्म नाही म्हणून डाग. माझ्याकडं जुन्या स्टॉकात तीन पडलेत, शनिवारी बसनं ये. जाताना माझा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरही ने. जड आहे, पिशवीत नको, पोतं आण.

रेल्वे_गेट_बंद

माझा पॅनेलचा सल्ला मागं घेतो. मेव्हण्याचा रेडिओ पण घेऊन येऊ का अण्णा?

निपाणीची_वखार

शनिवारी अण्णांकडं गेलो. पॉझिस्टर घातला. धुम्म! पहिल्यांदा डाग अर्धा गेला, वीस मिनिटं गार होऊ दिला, परत चालू केला, सगळा गेला. प्लेअर पालवर केला आणि मांडवाच्या झालरी एकदम लाल-पिवळ्या झाल्या.

कलरचं बटण मी मध्यावर ठेवलं होतं. लग्न सुरू झालं, माणसं माणसांसारखी दिसत होती. आप्पा फेटा बांधून दारात उभे, व्याह्यांना हात जोडतायत. आईनं चष्मा पुसला, परत घातला, म्हणाली, "असा नव्हता बाई फेटा." मी म्हटलं, अगं खरा रंग हाच. ती भिंतीला धरून उठली, टीव्हीपर्यंत गेली, एकही बटण न चुकता नेमकं कलरचं धरलं आणि फुल्ल केलं.

आता नवरी, भटजी, बँडवाले, सगळं वऱ्हाड शेंदरी झालंय. मी हात लावलेला नाही. अण्णा, ट्रान्सफॉर्मर पुढच्या शनिवारी आणून देतो, वखारीतनं काही पाहिजे असेल तर सांगा.