मदत हवी आहे: चित्रपट-संगीतात येऊ पाहणाऱ्या कृष्णवर्णीय संगीतकाराला मेंटॉर कुठे मिळेल? (अमेरिका)

शरयू_अटलांटा: ओळखीतला आफ्रिकन-अमेरिकन मुलगा आहे, वय २४. चर्चमध्ये हॅमंड ऑर्गन वाजवतो, लॉजिक या संगीत-सॉफ्टवेअरवर काम करतो, तीन लघुपटांना संगीत दिलंय. कान पक्का, नोटेशन कच्चं. फी घेऊन मेंटॉरशिप देणाऱ्यांच्या जाहिराती बऱ्याच दिसतात. त्यात पैसे घालावेत का? आणि एक तक्रार : त्याला जो तो हिप-हॉपच मागतो.

मंद्रसप्तक: पैसे भरून इतक्यात नको. आधी लॉस एंजेलिसच्या कंपोझर्स डायव्हर्सिटी कलेक्टिव्ह या, विविध वंशांच्या संगीतकारांना पुढे आणणाऱ्या संस्थेचं पान बघा. 'गेट आउट'चे संगीतकार मायकेल एबल्स तिच्या संस्थापकांपैकी. बाकीचे मार्ग सगळ्यांना खुले आहेत, म्हणून चुरस जास्त : सोसायटी ऑफ कंपोझर्स अँड लिरिसिस्ट्सचा मेंटॉर प्रोग्राम, सनडान्स इन्स्टिट्यूटचा फिल्म म्युझिक प्रोग्राम आणि अ‍ॅस्कॅपचं (संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणारी संस्था) फिल्म स्कोअरिंग वर्कशॉप. शेवटच्यात निवड झाली तर आपला क्यू (चित्रपटातल्या एका प्रसंगाचा संगीताचा तुकडा) खऱ्या ऑर्केस्ट्राकडून वाजवून मिळतो. कार्यक्रम यंदा आहे का आणि अर्जाच्या तारखा काय हे त्या-त्या संस्थेच्या पानावरच बघा, इतरत्र तारखा बहुधा मागच्या वर्षीच्या असतात.

हिप-हॉपचं म्हणाल तर 'गेट आउट'चे दिग्दर्शक जॉर्डन पील यांना एबल्स सापडले ते यूट्यूबवर त्यांची एक ऑर्केस्ट्रा-रचना ऐकून. तेव्हा जे काम मिळावंसं वाटतं त्याचाच नमुना त्याने नेटवर ठेवायचा. बीट्स कितीही चांगले असले तरी रीलमध्ये (दिग्दर्शकांना ऐकवायच्या नमुन्यांच्या संचात) पहिले नकोत.

नोटेशन मात्र आत्ताच मनावर घ्या. चर्चमध्ये कानाने निभावतं, रेकॉर्डिंगच्या सेशनमध्ये नाही. बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा भाग ट्रान्सपोज करायचा (त्या वाद्यासाठी एक स्वर वर लिहायचा) राहिला तर चाळीस वादक हातावर हात ठेवून बसतात आणि खर्चाचा मीटर चालू राहतो.

शरयू_अटलांटा: रीलमध्ये किती आणि काय?

मंद्रसप्तक: तीन-चार क्यू, मिळून पाच मिनिटांच्या आत. निदान एक तरी संवादाखाली वाजणारा हवा. बहुतेक नवशिके नुसत्या पाठलागाच्या प्रसंगांचं संगीत पाठवतात. त्यातून माणसं बोलत असताना संगीत कसं मागे सरतं हे कळत नाही, आणि दिग्दर्शकाला नेमकं तेच ऐकायचं असतं. डाउनलोडची फाइल नको, थेट वाजेल अशी लिंक द्या.

तबकडी: तांत्रिक बाजू. एडिटरकडून फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम्स) लिहून घ्या. चित्र २३.९७६ फ्रेम्सचं आणि संगीत २४ धरून केलेलं असेल तर दहा मिनिटांत सुमारे ०.६ सेकंदांचा फरक पडतो. पहिलं दार आपटतं तेव्हा ठोका बरोबर बसतो, दहाव्या मिनिटाच्या दाराला चुकतो, आणि बोल संगीतकाराला लागतो. फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. चित्राच्या पहिल्या फ्रेमच्या बरोब्बर २ सेकंद आधी एक फ्रेमचा पॉप (चित्र आणि आवाज जुळवायचा छोटा 'टिक'). तंतुवाद्यं, ब्रास, तालवाद्यं, सिंथ यांचे स्टेम (प्रत्येक वाद्यगटाची स्वतंत्र फाइल) वेगळे, सगळे एकाच बिंदूपासून सुरू होणारे. फाइलचं नाव १एम१, १एम२ असं (पहिल्या रिळातला पहिला क्यू, दुसरा क्यू); 'फायनल', 'फायनल_नवीन' कृपया नको.

हे जमणारा मुलगा संगीतकाराचा असिस्टंट होऊ शकतो, आणि खरी मेंटॉरशिप तिथेच मिळते. "मला शिकवाल का?" असं विचारलं की उत्तर येत नाही. "तुमचे स्टेम रेकॉर्ड करून देईन, मिडी (संगणकावर वाजवलेल्या सुरांची नोंद) साफ करून ऑर्केस्ट्रेटरकडे (वाद्यवृंदासाठी भाग लिहिणाऱ्याकडे) पाठवीन" असं लिहावं. फुकट मात्र राबू नये. घरून पैसे येणाऱ्यालाच ते परवडतं, आणि कोण आत शिरतं हे तिथेच ठरतं.

हिशेबी: करारात बहुतेकदा 'वर्क फॉर हायर' असतं, म्हणजे हक्क निर्मात्याकडे जातात. पण परफॉर्मन्स रॉयल्टीतला (संगीत जाहीर वाजल्यावर मिळणाऱ्या पैशातला) रायटर्स शेअर, म्हणजे संगीतकाराचा वाटा, सोडू नका. अमेरिकेतली थिएटरं ही रॉयल्टी देत नाहीत, ती टीव्ही, स्ट्रीमिंग आणि परदेशातून येते. त्यासाठी अ‍ॅस्कॅप किंवा तशाच बीएमआय या संस्थेची सदस्यता आणि बरोबर भरलेली क्यू शीट (चित्रपटातल्या संगीताची यादी) लागते : क्यूचं नाव, मिनिटं-सेकंद, वापर पार्श्वभूमीला की पडद्यावर, कोणाचा किती टक्के. लघुपटांसाठी ती बहुतेकदा कोणी बनवतच नाही. त्या तिन्हींच्या शीट त्यानेच बनवून निर्मात्यांकडून दाखल करून घ्याव्यात.