थुंबा असताना श्रीहरिकोटा कशासाठी?

चौकस:
केरळमधील थुंबा हे रॉकेट-तळाचे ठिकाण साधारण 8.5 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि आंध्र प्रदेशातील श्रीहरिकोटा, जेथून उपग्रह सोडतात, 13.7 अंशांवर. विषुववृत्ताच्या जितके जवळ जावे तितका पृथ्वीच्या फिरण्याचा लाभ अधिक, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मग 21 नोव्हेंबर 1963 रोजी जेथून आपल्याकडचे पहिले रॉकेट उडाले ते थुंबा हाताशी असताना उपग्रहांसाठी उत्तरेकडे का जावे लागले? आणि ते रॉकेट सायकलवरून नेले होते, हे खरे आहे का?

जुना वाचक:
थुंब्याची निवड भौगोलिक नव्हे, तर चुंबकीय विषुववृत्तासाठी (जेथे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जमिनीला समांतर असते ती रेषा) झाली. त्या रेषेवर, जमिनीपासून सुमारे 100 ते 110 किलोमीटर उंचीवर, दिवसा विद्युतप्रवाहाचा एक अरुंद पट्टा वाहतो. तेथवर फुगे पोहोचत नाहीत आणि इतक्या खाली उपग्रह टिकत नाहीत, म्हणून काही मिनिटांत वर जाऊन परतणारी साउंडिंग रॉकेटे हाच मार्ग उरतो. उपग्रह मात्र पूर्वेकडे सोडायचा असतो आणि थुंब्याच्या पूर्वेला केरळ-तामिळनाडूची भरवस्ती आहे. श्रीहरिकोट्यापुढे बंगालचा उपसागर असल्याने जळून सुटलेले टप्पे पाण्यात पडतात. राहिला अक्षांशाचा तोटा, तर तो सेकंदाला जेमतेम 8 मीटर भरतो. कक्षेत राहण्यासाठी लागणारा वेग सेकंदाला सुमारे 7.8 किलोमीटर असतो. दोन्ही जागांच्या शोधात कोल्हापूरचे शास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस यांचा वाटा होता, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

सांजवेळ:
सायकलचे ते छायाचित्र फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी 1966 मध्ये टिपले आणि तिच्यावर आहे तो रॉकेटच्या नाकाचा शंकू. पहिले रॉकेट अमेरिकन नाइकी-अपाची होते. शेकडो किलोंचे ते धूड सायकलवर मावले नसते. त्याची जुळणी मात्र खरोखरच गावातल्या सेंट मेरी मॅग्डलीन चर्चमध्ये झाली, जे बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांच्या संमतीने मिळाले होते. उड्डाण संध्याकाळी ठेवण्यामागेही कारण होते. रॉकेटातून सोडियमची वाफ सोडायची होती. खाली अंधारून आले तरी तेवढ्या उंचीवर ऊन असते, त्यामुळे ती नारिंगी झळाळते आणि ढग कसा सरकतो यावरून तेथील वारा मोजता येतो.

चौकस:
8 मीटरचा हिशेब अक्षांशांची कोज्या (कोसाइन) घेऊन करून पाहिला, जुळला. आता थुंबा बंद आहे का?

जुना वाचक:
नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये आरएच-200 या साउंडिंग रॉकेटचे सलग 200 वे यशस्वी उड्डाण तेथूनच झाले. चर्चमध्ये मात्र आता संग्रहालय आहे.