लहान-मोठी मुलं एकाच हॉलमध्ये, जमवायचं कसं?

प्रश्न: आमच्या शाळेत ३ ते १४ वयाची मुलं आहेत आणि मधला हॉल सगळ्यांचाच, मोठी धावत सुटली की पिटुकली भिंतीला चिकटतात. पार्टिशन टाकावं का?

उत्तर १: पार्टिशन नको हो, दोन अंधारे बोळ होतील. आधी येण्याजाण्याची वाट बघा, बहुतेक हॉलच्या मधोमधच असणार, ती एका कडेला घ्या आणि लहानांना कोपरा द्या, मोठ्या माणसाच्या कमरेएवढ्या कपाटांनी अडवलेला, म्हणजे बसलेल्या मुलाला आडोसा मिळतो आणि उभ्या बाईंना सगळं दिसतं.

उत्तर २: +१. हर्ट्झबर्गर या डच आर्किटेक्टने नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या माँटेसरी शाळेत हॉलच्या मध्ये विटांचा ओटाच बांधलाय, हलवताच येत नाही. अडचण वाटते ना? पण मुलं त्यावर बसतात, नाटकं करतात, आतले लाकडी भाग बाहेर ओढले की स्टेज मोठं होतं. शिवाय सुसाट धावायची सरळ वाट तुटते (हे माझं मत).

उत्तर ३: आवाजाचं कोणीच बोललं नाही!! छताला आवाज शोषणारे पॅनल लावा, नाहीतर बाकी सगळं फुकट. बेसिनही दोन उंचीवर.

प्रश्नकर्ता: वाट खरंच मधोमध आहे, टॉयलेटचं दार समोरच आहे ना. ते हलवता येईल का विचारतो.