मांगरातल्या दिव्यांसाठी जीपचा जुना अल्टरनेटर

वहाळकाठ: जीप भंगारात घातली, अल्टरनेटर (गाडीची बॅटरी चार्ज करणारं जनित्र) तेवढा ठेवलाय. कुडाळ तालुक्यात आमच्या मांगरामागून (शेतावरच्या खोपीमागून) वहाळ (ओढा) जातो, डिसेंबरपर्यंत पाणी असतं. वीज मांगरापर्यंत आलेली नाही. दोन इंची पाइप टाकून बघितला: उतार १२ मीटर, २० लिटरची बादली १० सेकंदांत भरते. चार दिवे नि मोबाइल चालले तरी पुरे. पाण्यावर अल्टरनेटर फिरवून होईल का?

वाराभर: त्यापेक्षा पवनचक्की कर की.

आर्मेचर_कराड: नको. घरगुती पाती मिनिटाला तीनशे-चारशे फेरे मारणार, आणि अल्टरनेटर हजाराच्या पुढे गेल्याशिवाय जागा होत नाही. पाणीच बरं.

हिशेब बघ. सेकंदाला २ लिटर गुणिले १२ मीटर गुणिले ९.८, म्हणजे २३५ वॅट. घरी केलेलं चाक त्यातलं निम्मं खाईल. अर्ध्या इंचाचं नोझल (पाइपच्या टोकाची निमुळती तोटी), एक फुटी चाक. ते साधारण ४८० फेरे घेईल, म्हणून पुली एकास चार.

आता खरी गोम. अल्टरनेटरमध्ये चुंबक नसतो, फील्ड कॉइल (वीज सोडली की चुंबक होणारं तारेचं वेटोळं) असते, आणि ती बॅटरीतून ३ अँपिअरपर्यंत ओढते. म्हणजे ४० वॅट त्याच्याच पोटात! गाडीत इंजिन दांडगं असतं, कुणाला कळतही नाही. तुझ्याकडे मात्र शाफ्टवर जेमतेम शंभर वॅट. म्हणून रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) काढ आणि ब्रशच्या (फिरत्या कॉइलला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांच्या) वायरीत इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये टाक. फील्ड सव्वा अँपिअरवर येतं. पण मग व्होल्टमीटरवर नजर हवी, १४.४ च्या वर काटा गेला की लोड वाढवायचा.

चालू असताना बॅटरीची वायर काढू नकोस, आतले डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे) उडतात. आणि पाणी बंद तर फील्डही बंद. मी एकदा विसरलो, नोझलमध्ये पान अडकलं, सकाळी बॅटरी ठार.

वाराभर: जुना डायनॅमो (अल्टरनेटरच्या आधीचं गाडीचं जनित्र) मिळाला तर?

आर्मेचर_कराड: अंगच्या चुंबकत्वावर आपसूक उठतो, ते खरं. पण कटआउट (उलटा प्रवाह तोडणारा स्विच) पाहिजेच, नाहीतर बॅटरी उलट त्यालाच मोटरसारखी फिरवत बसते. शिवाय कम्युटेटर (ब्रश ज्यावर टेकतात तो तांब्याचा भाग) घासत बसा. माझ्या दुकानात दोन पडलेत, कुणी नेत नाही.

वहाळकाठ: काका, बल्बची युक्ती चालली! साडेतीन अँपिअर येतायत, रात्रंदिवस. १२ व्होल्टचे चार एलईडी लावले. आई रात्री मुद्दाम मांगरात जाऊन बसली. फक्त काल नोझलमध्ये कुर्ली (खेकडा) अडकली. जाळी किती बारीक लावू?