परदेशातल्या वीजप्रकल्पांसाठी आपल्या कंपन्यांना सरकारने पाठबळ द्यावं का?

खेर्डी वर्कशॉप: माझं मत, द्यावं आणि हात आखडता न घेता द्यावं. बॉयलर-टर्बाइन कोणाचं चांगलं, एवढ्यावर ही टेंडरं ठरत नाहीत. बोलीबरोबर स्वस्त कर्ज कोण आणतंय, हेही बघतात. बांगलादेशातला रामपालचा 1320 मेगावॅटचा प्रकल्प भेल या आपल्या सरकारी कंपनीने उभारला, त्यामागे निर्यातीसाठी कर्ज देणाऱ्या आपल्या सरकारी एक्झिम बँकेचं 1.6 अब्ज डॉलरचं कर्ज होतं. इकडे जयगडच्या 1200 मेगावॅट केंद्रातले चारही संच शांघाय इलेक्ट्रिकचे. चिनी माल आपल्या खाडीपर्यंत येतो, मग आपला बाहेर का जाऊ नये?

मी व्हॉल्व्हचे फ्लॅंज आणि बुश करतो. मोठ्या कंपनीला बाहेरची ऑर्डर लागली की तिसऱ्या हाताने का होईना, थोडं काम चिपळूणपर्यंत येतं. एक्स्पोर्टच्या जॉबला प्रत्येक फ्लॅंजवर हीट नंबर, म्हणजे धातू कुठल्या ओतणीतला ते सांगणारा आकडा, पंच करावा लागतो, सोबत टेस्ट सर्टिफिकेट. ही शिस्त पोरांच्या हाताला लागली की पुढे कुठलंही काम घेता येतं.

अंजनवेलकर: दादा, आम्ही या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला होतो. आमच्या अंजनवेलला झालेल्या, एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाला अमेरिकेच्या एक्झिम बँकेने आणि परदेशी गुंतवणुकीला पाठबळ देणाऱ्या ओपिक या तिथल्या सरकारी संस्थेने असंच पाठबळ दिलं. टर्बाइन जनरल इलेक्ट्रिकची, बांधकाम बेक्टेलचं. जागतिक बँकेने 1993 मध्येच हा प्रकल्प परवडणारा नाही म्हणून कर्ज नाकारलं होतं, तरीही तो रेटला. 1999 ला वीज सुरू झाली, 2001 ला केंद्र बंद. विजेच्या पैशांना राज्याची हमी, आणि राज्याने नाही भरले तर केंद्र भरेल अशी वर केंद्राची प्रतिहमी. मग या दराने वीज घेणार कोण, हे कर्ज देणाऱ्यांनी कशाला विचारावं? उद्या आपण हेच एखाद्या गरीब देशाशी करणार का?

खेर्डी वर्कशॉप: दाभोळमध्ये घोळ वीजखरेदी कराराचा होता. रवांडातलं न्याबारोंगोचं 28 मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आपल्याच एक्झिमच्या कर्जावर झालं. तिथे वीज मिळाली, आपल्या कंपन्यांना काम मिळालं.

राजापूरची लेक: पण नुकसान झालं तर कोणाच्या माथी? फिनलंडच्या ओल्किलुओटो अणुभट्टीसाठी फ्रान्सच्या कोफास या निर्यात-विमा कंपनीने 57 कोटी युरोंची हमी दिली होती. काम 2005 ला सुरू झालं, नियमित वीज 2023 ला! मधल्या काळात ती बांधणारी फ्रेंच कंपनी अरेव्हा डबघाईला आली, फ्रेंच सरकारला पैसे ओतावे लागले. त्याच अरेव्हाच्या सहा अणुभट्ट्या आमच्या माडबनला, जैतापूर प्रकल्पात यायच्या होत्या. सरकार पाठीशी आहे म्हटलं की कंपनी वाट्टेल ती बोली लावते.

अबू धाबीतला देवगडकर: ताई, इथल्या बराका अणुवीज प्रकल्पाचंही बघा. 2009 मध्ये दक्षिण कोरियाने फ्रेंचांच्या हातून हे काम खेचलं, खुद्द अध्यक्ष ली म्युंग-बाक इथे आले होते. चारही अणुभट्ट्या आज चालू आहेत. कोरियाने आधी घरी एकामागून एक भट्ट्या बांधल्या, हात बसलेला होता. पाठबळ द्या, पण घरी वेळेत पुरं केलेल्या कामाचा दाखला बघूनच.

खेर्डी वर्कशॉप: हे पटतं. माझी आणखी एक मागणी: लघुउद्योगांचे पैसे 45 दिवसांत द्यायचा कायदा 2006 चा आहे, तरी आमची बिलं महिनोन्महिने अडकतात. एक्झिमचं कर्ज हवं असेल तर खालच्या पुरवठादारांचे पैसे वेळेत चुकते केल्याचा पुरावा कंपनीने आधी द्यावा.

अंजनवेलकर: या अटीला माझा पूर्ण पाठिंबा. कर्जाला मात्र नाही, निदान तिथल्या ग्राहकाला वीज किती रुपयांनी पडणार ते सहीच्या आधी जाहीर होईपर्यंत तरी नाही.