देवाला कधी हात न जोडलेल्या माणसाला गती मिळते का?

लालबागकर
काल बाबांचं तेरावं झालं. दहाव्याला बाणगंगेवर पिंड ठेवला, पाऊण तास थांबलो. कावळे कठड्यावर बसून होते, एकही खाली उतरेना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. तेव्हा काका सगळ्यांदेखत म्हणाले, "जन्मात देवाला हात जोडले नाहीत, गती कुठून मिळणार?"

बाबांचं लालबागला किराण्याचं छोटं दुकान होतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि चाळीतली बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं उधारीवर आली. ती लाल वही माझ्याकडे आहे. तांदूळ २ किलो, गोडेतेल पाव किलो, चहाची पुडी १. पुढे कित्येक पानांवर नुसती तिरकी रेघ. ते पैसे बाबांनी सोडून दिले. त्याच काळात आईच्या पाटल्या मोडाव्या लागल्या होत्या.

काका रोज सोवळ्यात पूजा करतात. आत्याचा खोलीतला वाटा मात्र त्यांनी अजून दिलेला नाही. देव असेल तर माणूस गेल्यावर तो नेमकं काय बघतो? मनापासून विचारतोय, रात्री झोप लागत नाही.

परळची मावशी
बाळा, कावळ्याचं मनाला लावून घेऊ नकोस. मी कीर्तनं ऐकत वाढले. पापी अजामिळानं मरताना मुलाला 'नारायणा' अशी हाक मारली आणि तो तरला, एवढंच लोक सांगतात. भागवतात पुढेही आहे. तो लगेच वैकुंठाला गेला नाही. यमदूतांच्या हातून सुटला, केल्याचा पस्तावा झाला, घरदार सोडून गंगाद्वारी, म्हणजे हरिद्वारला, जाऊन राहिला, मग विष्णुदूत आले. नाम घेतलं म्हणून वागणं बदलायचं चुकत नाही रे.

जिज्ञासू
ब्रह्मसूत्रात हीच शंका आहे: कुणाला सुख, कुणाला दुःख, मग देव पक्षपाती नाही का? उत्तर असं की तो ज्याच्या त्याच्या कर्माकडे बघूनच फळ देतो. शंकराचार्यांचा दृष्टांत पावसाचा आहे. पाऊस सगळीकडे सारखाच, भात उगवेल की जव ते बियाण्यावर.

वरळी बीडीडी
आम्ही बौद्ध. आत्मा मानत नाही, त्यामुळे गतीचा प्रश्न आमच्यापुढे नाही. इतर धर्मांत जी जागा देवाची, ती धम्मात नीतीची, असं बाबासाहेबांनी मांडलंय. माझे वडील त्या संपात होते. दुकानदार उधार देतो की नाही, यावर आमच्या घरी चूल पेटायची. तुमच्या बाबांसारख्याच एका दुकानदाराकडे देव बघत होता का, मला माहीत नाही. मी बघत होतो, पिशवी घेऊन फळीपाशी उभा राहून.

एक खटकलं, सांगतो. काकांच्या पूजेचं काय होणार, हे तुम्ही मोजत बसू नका. आत्यांचं काम आधी करा.

लालबागकर
दादा, तुमचं वाचून आईला वही दाखवली. ती बराच वेळ एकेका नावावरून बोट फिरवत बसली. मावशी, गंगाद्वाराचं खरंच माहीत नव्हतं. रविवारी खोलीच्या जुन्या भाडेपावत्या घेऊन आत्याकडे जातोय. आईही येते म्हणाली.