‘संप्रेरकांचा शीघ्र परिणाम’ : शीघ्र म्हणजे किती?

शब्दवेडी: मेंदूवरच्या एका लेखात वाक्य आहे, ‘संप्रेरकांच्या शीघ्र परिणामामुळे सिनॅप्सची लवचिकता वाढते.’ संप्रेरक म्हणजे हॉर्मोन, सिनॅप्स म्हणजे दोन चेतापेशींमधली जोडणी, इथवर ठीक. पण हॉर्मोनचं काम संथ चालतं ना? मग शीघ्र कसं? आणि लवचिकता कशाची?

पेशीवाचक: शीघ्र म्हणजे काही सेकंदांपासून फार तर तासाभरापर्यंत. तुम्ही म्हणता तो संथ रस्ता खराच आहे. इस्ट्रोजेन हे हॉर्मोन पेशीत शिरतं, तिथल्या रिसेप्टरला, म्हणजे त्याला ओळखून धरणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं, ती जोडी केंद्रकात जाऊन जनुकं चालू-बंद करते, मग प्रथिनं बनतात. यात तास जातात, कधी दिवस. शीघ्र रस्त्यात जनुकांची वाट पाहावी लागत नाही. रिसेप्टर पेशीच्या पटलापाशीच असतात, त्यांनी इशारा दिला की आतली विकरं (एन्झाइम) लगेच कामाला लागतात. उंदरांच्या मेंदूतल्या काही चेतापेशींजवळ इस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) सोडल्यावर त्यांच्या विद्युत स्पंदांचा वेग सेकंदांत बदलतो, हे 1976 सालीच नोंदलं गेलंय.

सिनॅप्सचं म्हणाल, तर डेंड्राइटवर, म्हणजे चेतापेशीच्या फांद्यांवर, बारीक काटे असतात आणि बहुतेक उत्तेजक सिनॅप्स या काट्यांवरच बसतात. काट्याचा सांगाडा अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या तंतूंचा. इस्ट्राडायॉलने ही तंतूंची बांधणी काही मिनिटांत हलते.

आडवाप्रश्न: मादी उंदरांच्या चार-पाच दिवसांच्या ऋतुचक्रात हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या आठवणींशी निगडित भागातले काटे चोवीस तासांत सुमारे 30 टक्के घटतात, ते हेच ना? 1990 चा प्रयोग.

पेशीवाचक: प्रयोग थोरच, पण इथे दाखला म्हणून नको. एका दिवसात जनुकांच्या रस्त्यानेही बरंच काही उरकतं.

‘लवचिकता’ मला खटकते. लवचिक वस्तू वाकते आणि पुन्हा सरळ होते. इथे अभिप्रेत आहे ते अनुभवाने झालेला बदल धरून ठेवणं. ‘घडणशीलता’ म्हणा. फरक नुसता शब्दाचा नाही. कॉर्टिकोस्टेरोन या ताणाच्या हॉर्मोनने हिप्पोकॅम्पसमध्ये ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन सुटण्याची वारंवारिता मिनिटांत वाढते, आणि हॉर्मोन धुऊन काढलं की पूर्ववत होते. हा शीघ्र परिणाम झाला, घडणशीलता नव्हे. त्याच काळात आलेल्या संकेतांनी जोडणी बळकट होऊन तशीच राहिली, तर ती घडणशीलता.

शब्दवेडी: म्हणजे हॉर्मोन ती जोडणी बदलणं सोपं किंवा अवघड करतं?

पेशीवाचक: अगदी. आणि तेही वेळेवर अवलंबून. ताणाचं हॉर्मोन शिकण्याच्या क्षणी असेल तर आठवण पक्की व्हायला मदत होऊ शकते. बरंच आधी येऊन गेलं असेल तर तेच आड येऊ शकतं.

आडवाप्रश्न: एक शंका राहतेच. मेंदूतल्या पेशी अ‍ॅरोमॅटेज हे विकर वापरून टेस्टोस्टेरोनपासून स्वतःच इस्ट्राडायॉल बनवतात. रक्तातून न येता जागच्या जागी बनून तिथेच वापरलं गेलं, तर त्याला संप्रेरक का म्हणायचं?

पेशीवाचक: म्हणून तर ‘न्यूरोस्टेरॉइड’ हा शब्द निघाला. रेणू तोच, फक्त पत्ता वेगळा.